ज्युनिपरची पोच

१

गुरुवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. मी अजून अंगातला रेनकोटही काढला नव्हता, तेवढ्यात एक चिंब भिजलेली मुलगी आमच्या कचेरीत शिरली, हातातला कागदांचा भलाथोरला गठ्ठा तिनं माझ्या टेबलावर आदळला आणि म्हणाली, "माझी तीन वर्षं तुम्ही लोकांनी गिळली आहेत. ती मला परत हवीत."

मी म्हटलं, "आधी बस. नाव काय तुझं?"

"नोरीन ब्रॅनिगन. केप मॅरोहून आलेय. अख्खी रात्र बसमध्ये काढलीय, त्यामुळे मी जरा तोडून बोलले तर रागावू नका."

केप मॅरो म्हणजे वर ऑरेगॉनच्या किनाऱ्यावरचं लाटा मोजायचं केंद्र. तिथे चार माणसं, एक दीपगृह आणि एक चिमुकला कॉम्प्युटर. आमची टॅमरॅक संस्था तिथून सातशे मैल खाली, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला. सन १९८४, फेब्रुवारी. आज माझ्या नातवाला सांगितलं तर हसतो, पण त्या काळी देशभरातल्या जाळ्याला जोडलेले कॉम्प्युटर हजाराच्या आसपास होते, आणि त्या प्रत्येकाचं नाव आम्हाला ठाऊक असायचं. कॉम्प्युटरला पत्त्याचे आकडे कळतात, माणसाला नावं. म्हणून कुणी नवा कॉम्प्युटर आणला की त्याला एखादं बरंसं नाव शोधायचं आणि आठ ते पाच या वेळात आम्हाला फोन करायचा. आम्ही ते नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना बघायचो आणि नाव नि आकडा यादीत चढवायचो. साऱ्या जाळ्याला मिळून यादी एकच, आणि ती आमच्याकडे. बाकीच्यांनी आठवड्याला तिची ताजी नक्कल उतरवून घ्यायची. बारशाचा मान आमचा, असं मी गमतीनं म्हणायची. कुणाला कळायचं नाही तो भाग वेगळा.

नोरीननं सांगितलं ते असं. मागच्या शुक्रवारी तिनं आपली तीन वर्षांची सगळी मोजणी केप मॅरोहून इथल्या 'ज्युनिपर' नावाच्या कॉम्प्युटरकडे पाठवली. पाठवताना त्या मोजणीचे हजारो तुकडे होतात, प्रत्येकावर क्रमांक. पलीकडच्यानं 'अमुक क्रमांकापर्यंत मिळालं' अशी पोच द्यायची. पोच आली नाही की तुकडा पुन्हा पाठवायचा, येईपर्यंत पाठवायचा. सगळ्या तुकड्यांची पोच आली. गठ्ठ्यात तेच छापलेलं होतं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

"आणि इथले माझे मार्गदर्शक डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणतात, ज्युनिपरवर एक अक्षर आलेलं नाही," ती म्हणाली.

"मग पुन्हा पाठव की."

"कुठून पाठवू? सोमवारी टेप पुसल्या."

पोच आली की टेप पुसायची आणि पुन्हा वापरायला घ्यायची, हा तेव्हाचा सरसकट रिवाज. टेपांचा तुटवडाच एवढा. पोच आली म्हणजे माल पोचला, यावर आमची देवासारखी श्रद्धा होती.

"उद्या बारा वाजता माझ्या डॉक्टरेटची समिती बसतेय," ती म्हणाली. "लिंडक्विस्ट म्हणतात, मी मोजणी केलीच नाही आणि हा कागद घरी बसून छापला. तसं ते लिहून देणार आहेत. मग मला कुठलंच विद्यापीठ दारात उभं करणार नाही."

मी तिला टॉवेल दिला. कॉफी दिली. पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ज्युनिपरचा आकडा तीन आठवड्यांपूर्वी बदलला होता, आणि यादीत तो मी माझ्या हातानं बदलला होता.

२

माझ्या वरिष्ठ ओपल ट्विचेल. वय एकसष्ट, उंची जेमतेम पाच फूट. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात. मला काही ते मनापासून जमलं नाही. मी त्यांना मनातल्या मनात ओपलबाईच म्हणायची. नेब्रास्कातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं फोन जोडायच्या खुंट्या खुपसल्या होत्या आणि त्यानंतर बारा वर्षं ही यादी सांभाळली होती. यादीला 'आमची' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "माझी यादी," त्या म्हणायच्या, आणि कुणाची वाद घालायची टाप नव्हती.

त्या आल्या तेव्हा मी यादीच उघडून बसले होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं मात्र.

"कुमुद, काय सांडलंस?"

मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. जुना ज्युनिपर काढून नवा आणला, नाव तेच ठेवलं, आकडा बदलला. जुन्याच्या शेवटी सात, नव्याच्या एकतीस. मी एकतीसच्या जागी तेरा तर मारला नसेल?

"मग बघ ना. हातात यादी धरून देवाचा धावा कसला करतेस?"

बघितलं. एकतीसच होतं. तेवीस जानेवारी, माझी आद्याक्षरं, सगळं ठाकठीक. मला इतकं हायसं वाटलं की त्या मुलीसमोर माझी मलाच लाज वाटली. माझी मान सुटली होती. तिची अजून तशीच अडकलेली होती.

एवढ्यात डॉक्टर लिंडक्विस्ट स्वतःच आले. उंच, पांढरे, इस्त्रीचे. नोरीनकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ओपल, या मुलीनं तुमचा वेळ घेतला याबद्दल माफी मागतो. मी ज्युनिपर स्वतः तपासलाय. मशीनघरातल्या लायलनं तपासलाय. काही नाही. आता एकतर ही खोटं बोलतेय, किंवा तुमच्या यादीत घोळ आहे, किंवा लायलनं काहीतरी पुसलंय. कोण ते मला उद्या दहापर्यंत लेखी द्या. एक नाव द्या, बस्स."

"नाही दिलं तर?"

"तर समितीला मी जे समजतो ते सांगेन."

ते वळले. नोरीन एकदम म्हणाली, "सर, जानेवारीच्या वादळात तुम्हीच फोन करून म्हणाला होतात, जिवाला जप, आकडे नंतर घे. मी तरी घेतले. चौदा तास लाटा मोजायच्या दांड्याला बांधून घेऊन घेतले."

ते दारात थांबले. क्षणभर वाटलं, माणूस विरघळतोय. मग म्हणाले, "म्हणूनच मला जास्त वाईट वाटतंय, नोरीन," आणि गेले.

ओपलबाईंनी गठ्ठा उचलला. दोन पानं चाळली. "मुलगी खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"खोटं रचणारा माणूस मधले अडथळे रचत नाही. हे बघ, एकशे चाळिसावा तुकडा तीनदा पाठवावा लागलाय. दोनशे बारावा दोनदा. लाइन खराब होती त्या दिवशी. इतकं बारीक कोण रचत बसेल?" मग त्यांनी बोटानं पानाचा माथा दाखवला. "पण एक गोष्ट इथे नाही, कुमुद. सगळीकडे 'ज्युनिपर, ज्युनिपर' छापलंय. आकडा एकदाही नाही."

३

लायल पुटनम हा तळघरातल्या मशीनघराचा राजा. पन्नाशीचा, दाढीवाला, ऊन असो पाऊस असो सायकलनं येणारा. मशीनघर थंड ठेवावं लागे म्हणून आम्ही खाली जाताना स्वेटर घालायचो. लायल मात्र कायम बाह्या दुमडून.

आम्ही तिघी खाली गेलो तेव्हा स्वारी बूट काढून, कोरड्या मोज्यांनी बसून सँडविच खात होती. पावाच्या कडेनं चीजची तार लोंबत होती, ती त्यानं बोटानं गुंडाळून तोंडात टाकली.

"या, या! नावांचं खातं आज पाताळात कसं काय?"

"चौकशीला," ओपलबाई म्हणाल्या. "मागच्या शुक्रवारी ज्युनिपरवर काही आलं होतं?"

"लिंडक्विस्टला सांगितलं तेच सांगतो. नाही. हा नवा साहेब सगळं लिहून ठेवतो." त्यानं निळ्या, चकचकीत नव्या ज्युनिपरवर थाप मारली. "हुशार आहे, मान्य. वेगवान आहे, मान्य. पण जीव नाही ह्याच्यात. जुना बघा, अकरा वर्षं चालला. हिवाळ्यात आम्ही त्याच्या मागच्या जाळीवर मोजे वाळवायचो, जेवण गरम करायचो. ह्याच्यावर लोणीसुद्धा वितळत नाही."

"तू काही पुसलंस का?" नोरीननं सरळच विचारलं.

त्याचा चेहरा पडला. "बाई, मी एकवीस वर्षं इथे आहे. दुसऱ्याच्या अक्षराला मी हात लावत नाही. माझ्यावर आळ घ्यायचा तर घ्या."

"आळ कुणी घेत नाहीये," ओपलबाई म्हणाल्या. "जुन्या ज्युनिपरचं काय केलंस?"

"बंद केला. सत्तावीस जानेवारीला, ह्या हातांनी. मागच्या कोठीत ठेवलाय. उद्या सकाळी अकराला ट्रक येतोय, भंगारात जाईल." एवढं बोलून तो सँडविचकडे वळला, आणि माझ्या मनात आलं, माणूस गहिवरलाय. त्याच्याइतकाच जीव मीही लावला असता एखाद्या वस्तूला. मला त्याचं काही चुकीचं वाटलं नाही.

जिना चढताना ओपलबाई दोन पायऱ्यांवर थांबल्या. मला वाटलं, दम लागला.

"कॅन्टीन किती वाजता उघडतं?"

"अकराला. भूक लागली का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि चढू लागल्या.

४

त्यांनी तो अख्खा गठ्ठा कचेरीच्या फरशीवर अंथरला. एकमेकांना जोडलेली लांबच लांब पानं, दारापासून खिडकीपर्यंत. बूट काढून ओपलबाई त्यांच्यावरून मोज्यांनी चालत होत्या. फोन वाजत होते. कॅन्ससमधल्या एकाला आपल्या कॉम्प्युटरला 'बफेलो' नाव हवं होतं, ते आधीच गेलेलं. मी त्याला 'बायसन' घे म्हणून पटवलं.

"एक्स्चेंजमध्ये," चालता चालता त्या नोरीनला सांगत होत्या, "पहिल्याच आठवड्यात मी एक घोळ केला. डॉक्टर हेन्शॉंना जोडून द्या म्हणून एक बाई रडत होती. मी जोडलं, पलीकडे उचललं, 'बरं, बरं' असा आवाज ऐकला, मी समाधानानं बाजूला झाले. डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात घर बदललं होतं. फोन उचलला तो नव्या भाडेकरूच्या ठार बहिऱ्या म्हाताऱ्यानं. तो सगळ्यालाच 'बरं' म्हणायचा."

"मग त्या बाईचं काय झालं?"

"मूल घरीच झालं. मुलगी. माझ्यावर चिडून तिचं नाव ओपल ठेवलं नाही, एवढंच." मग त्या वाकल्या. "हे काय आहे?"

प्रत्येक पोचेच्या शेवटी एक आकडा होता. पाचशे बारा, पाचशे बारा, पाचशे बारा. नोरीन म्हणाली, "पलीकडचा सांगतो, माझ्याकडे सध्या एवढीच जागा आहे, एका वेळी याहून जास्त पाठवू नकोस. म्हणजे मग त्याच्या हातून सांडत नाही."

"आणि नवा ज्युनिपर एका वेळी किती घेतो?"

मी यादीसोबतची माहिती काढली. "चार हजार शहाण्णव."

"शुक्रवारभरात एकदाही त्यानं मोठा घास मागितला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिमणीसारखा खातोय." ओपलबाई सरळ झाल्या. "पोच खरी आहे. पण ती नव्या ज्युनिपरनं दिलेली नाही. कुमुद, केप मॅरोला फोन लाव."

तिथला कॉम्प्युटर सांभाळणारा हबर्ट फोनवर आला. मी विचारलं, आमच्या यादीची नक्कल शेवटची कधी उतरवलीत?

"नक्कल?" तो हसलाच. "बाई, तुमची यादी बघितलीत का केवढी झालीय? आमच्या मशीनमध्ये ती मावत नाही. उतरवायला घेतली की अर्ध्यात जागा संपते आणि सगळं ठप्प. मी आपली आम्हाला लागणारी अकरा नावं हातानं टाइप करून ठेवलीत."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये. का? आत्तापर्यंत तर झकास चाललंय."

"ज्युनिपरचा आकडा वाचून दाखवा."

त्यानं वाचला. शेवटी सात.

मी फोन ठेवला आणि नोरीनकडे बघवेना. तिची मोजणी जुन्या पत्त्यावर गेली होती. आणि जुना ज्युनिपर तर सत्तावीस जानेवारीला बंद झाला होता.

"पण बंद मशीन पोच कशी देईल?" मी म्हटलं.

ओपलबाई पायात बूट सरकवत होत्या. "नाहीच देणार," त्या म्हणाल्या.

५

लायल नव्या ज्युनिपरला पाठ लावून बसला होता. आम्हाला पुन्हा बघून उठला.

"लायल," ओपलबाई म्हणाल्या, "आज सकाळी तुझ्या सँडविचमधलं चीज वितळलेलं होतं."

"मग?"

"कॅन्टीन अकराला उघडतं. या तळघरात शेगडी नाही, मीच मागच्या वर्षी मागितली होती, दिली नाहीत. नव्या साहेबावर लोणी वितळत नाही असं तूच म्हणालास. आणि बाहेर सकाळपासून धो धो पाऊस, तू सायकलवाला, तुझे मोजे सकाळीच कोरडे ठणठणीत. कशावर वाळवलेस?"

तो नोरीनकडे बघून म्हणाला, "शुक्रवारी पाठवलंस? ज्युनिपरला? कुठल्या आकड्याला?"

"सात," ती म्हणाली.

"अरे देवा," लायल म्हणाला आणि खिशातून किल्ली काढली.

कोठीचं दार उघडलं तशी ऊब अंगावर आली. खोकी, मोडक्या खुर्च्या, आणि त्यांच्यामागे तो उभा. कपाटाएवढा, रंग उडालेला, दिवे लुकलुकताहेत, पंखा घरघरतोय. जाळीवर मोज्यांचा आणखी एक जोड वाळत घातलेला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! मुलगी सातशे मैल रडत आली, आणि माल जिन्याखाली.

"मला बंद करवेना," लायल म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "युटामध्ये एक माणूस आहे. नऊ वर्षं आम्ही याच्यावर बुद्धिबळ खेळतोय. आठवड्याला एक चाल. तोंड पाहिलेलं नाही एकमेकांचं. त्याची बायको गेली तेव्हा त्यानं मला दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या पण इथेच आहेत. म्हटलं, हा डाव संपेपर्यंत राहू दे. त्यानंही माझा जुना आकडा आपल्याकडे हातानं लिहून ठेवलाय. मी फक्त खोटं बोललो, ओपल. हिचं काही आलंय, हे मला शपथेवर माहीत नव्हतं. मी डाव सोडून काही उघडतच नाही."

"नंतर रड," ओपलबाई म्हणाल्या. "आता उघड."

जुन्या ज्युनिपरवर नोरीनचं खातं अजून तसंच होतं. लायलनं ते उघडलं. नोरीननं शेवटचं पान हातात धरलं आणि मोठ्यानं शेवटच्या तुकड्याचा क्रमांक वाचला. लायलनं पडद्यावरचा वाचला. एकच होता. मग तिला भरवसा वाटेना, म्हणून तिनं मधलाच कुठला तरी, तीनदा पाठवलेला एकशे चाळिसावा विचारला. तोही होता, एकदाच, आपल्या जागी. ती तिथेच खोक्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडली. मीही रडले, मला कसली लाज?

उद्या अकराला ट्रक आला असता तर काय झालं असतं, हे मनात यायला मला पाच मिनिटं लागली. लायलनं त्याच दुपारी सगळी मोजणी नव्या ज्युनिपरवर उतरवली, आणि टेपवर वेगळी काढून नोरीनच्या हातात दिली.

६

राहिलं होतं लिंडक्विस्टना लेखी देणं. एक नाव.

शुक्रवारी सकाळी साडेआठला ओपलबाई लिंडक्विस्टच्या कचेरीचा छापील कागद घेऊन बसल्या. मला कळेना, त्या लिहीत का नाहीत.

"हबर्टचं लिहा," मी म्हटलं. "सरळ आहे. यादी बरोबर होती, त्यानं उतरवली नाही."

"त्याच्या मशीनमध्ये ती मावत नाही. त्यानं काय करावं? भिंत पाडावी?"

"मग लायलचं लिहा. खोटं बोलला ना?"

"बोलला. आणि त्यानं सांगितल्याप्रमाणे तो बंद केला असता, तर शुक्रवारी पोचच आली नसती. हबर्टनं दोनचारदा पाठवून बघितलं असतं, मग तुला फोन केला असता, टेप पुसल्या नसत्या. त्याच्या मायेमुळेच हे झालं. पण त्याच्या मायेमुळेच माल वाचलाही. त्याला हाकलू म्हणतेस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

तेव्हा त्यांनी खणातून एक पत्र काढलं. मला ठाऊक होतं ते. वॉशिंग्टनहून आलेलं, महिनाभर पडून होतं. जाळ्यासाठी नवी पद्धत आणायची होती. एकच एक यादी नको. प्रत्येक संस्थेनं आपल्या घरातली नावं आपण सांभाळायची. कुणाला नावामागचा आकडा हवा असेल त्यानं वरच्या कॉम्प्युटरला विचारायचं, वरच्यानं नुसतं बोट दाखवायचं, 'तिकडे विचार', आणि तिकडच्यानं उत्तर द्यायचं. शिवाय ते उत्तर किती वेळ खरं मानायचं, हेही उत्तरातच सांगायचं. वेळ संपली की पुन्हा विचारायचं. यावर ओपलबाईंचं मत मागवलं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं की त्या नको म्हणणार. त्यांनी नको म्हटलं असतं तर निदान चारपाच वर्षं ते बारगळलं असतं. त्यांच्या शब्दाला तेवढं वजन होतं.

"ह्या पद्धतीत," त्या म्हणाल्या, "हबर्टनं टाइप केलेला आकडा ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत खरा मानला गेला नसता. त्याला रोज विचारावं लागलं असतं, आणि मावायचा प्रश्नच नव्हता."

"पण आपली यादी बरोबर होती!" मी जवळजवळ ओरडलेच. "ओपल, एक चूक नव्हती तिच्यात. तुम्ही बारा वर्षं एक चूक होऊ दिली नाहीत."

"तेच तर. एक चूक नव्हती, आणि तरी एक पोर आज बारा वाजता खोटारडी ठरली असती."

"तुम्ही हे लिहिलंत तर कचेरी जाईल. तुमचं..."

"कुमुद, फोन वाजतोय, घे."

मी घेतला. 'बायसन'वाला होता, आभार मानत होता. मी बोलत असताना त्या लिहीत होत्या. घडलेलं सगळं त्यांनी अर्ध्या पानात लिहिलं, कुणाला न दुखवता, लायलचं खोटंसुद्धा न लपवता. खाली लिंडक्विस्टच्या कचेरीचा छापील प्रश्न होता: जबाबदार व्यक्तीचं नाव. त्यापुढे त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नावांची यादी.' मग जरा थांबून त्याच्यापुढे लिहिलं, 'माझी.' आणि सही केली. त्याच कागदाची दुसरी प्रत वॉशिंग्टनच्या पत्राला जोडली.

"घेऊन जा खाली," त्या म्हणाल्या. "लिंडक्विस्टचं दहाच्या आत पोचलं पाहिजे."

मी दोन्ही पाकिटं घेतली. जिन्यात मला वाटलं, वॉशिंग्टनचं हरवावं. कुणाला कळलं असतं? नोरीन तर सुटलीच होती. मी पहिल्या मजल्यावर पाच मिनिटं उभी होते, खोटं कशाला सांगू. मग टपालखात्यात दोन्ही दिली आणि पावती घेतली.

वर आले तेव्हा ओपलबाई खिडकीशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. मी म्हटलं, "दिली."

"कुणाच्या हातात दिलीस?"

"टपालवाल्या ग्लेनच्या."

"ग्लेननं लिंडक्विस्टचं त्यांच्या हातात दिलं का?"

"ते कसं सांगू?"

"मग जा आणि विचारून ये," त्या म्हणाल्या. मी पुन्हा जिना उतरले.